चहानंतर बाकडं बदलायचं

संस्था म्हटलं की लोकांना पाटी दिसते, कार्यालय दिसतं, आत पंख्याखाली बसलेला कारकून दिसतो. या अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "बाई, तुमच्या संस्थेचा पत्ता काय टाकू?" तेव्हा मला हसू आलं. आमचा पत्ता म्हणजे सायकलचं दुकान. उमरग्यात बसस्टँडकडून बाजाराकडं निघालात की डाव्या हाताला, शरणप्पांचं. पत्ता होता असं म्हणायला पाहिजे, कारण आता तिथं रस्ता आहे. चांगला रुंद, मधे दुभाजक असलेला. दुभाजकात कण्हेर लावलीय आणि ती आलीयही झकास, उगाच खोटं कशाला बोलू.

मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. माझ्या हाताखालून गेलेली पोरं ब्रह्मपुत्रा कुठं वळते ते झोपेत सांगतील, पण आपल्या गल्लीतलं गटार कुठं जातं ते विचारलं की छताकडं बघायची. ही माझ्या शिकवण्यातली खोट आहे हे मला फार उशिरा कळलं, रिटायर व्हायला दोन वर्षं उरली असताना. तोवर मी कडक बाई म्हणून प्रसिद्ध होते आणि त्यावर खूश होते.

त्या दिवसांत मी लेडीज सायकलवर शाळेत जायची. एकदा चाक डुगडुगायला लागलं म्हणून शरणप्पांकडं टाकली आणि समोरच्या बाकड्यावर बसले. दुकानात दोन गिऱ्हाइकं भांडत होती, बसस्टँडचं मागचं गेट उघडावं का बंद ठेवावं यावर. दोघांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या आणि दोघांपैकी एकानंही ते गेट धड बघितलेलं नव्हतं. मला कुठलं राहवतंय. म्हटलं, "आधी बघून या, मग भांडा." गेले बिचारे. बघून आले आणि पुन्हा तेच बोलायला लागले, फक्त आवाज वाढला.

शरणप्पा माझ्या चाकाचा आऊट काढत होते. आऊट काढणं म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करणं. चाक फिरवत फिरवत एकेक तार कुठं आवळायची, कुठं सैल करायची. बघायला सोपं, करायला महाकठीण. वर न बघताच ते म्हणाले, "बाई, बघून येऊन काय व्हतंय? एकाच अंगाच्या तारा आवळत बसलं की चाक जास्तच वाकतंय. दुसऱ्या अंगाच्याबी आवळाव्या लागत्यात." मग त्या दोघांना म्हणाले, "आता तू ह्येच्या बाजूनं बोल, अन् तू त्येच्या बाजूनं. जमलं तर चहा माझ्याकडनं."

ते दोघं आधी हसले, मग अडखळले, मग खरंच बोलायला लागले. जो गेट बंद ठेवा म्हणत होता, त्याला म्हाताऱ्या माणसांना पडणारा वळसा आठवला. जो उघडा म्हणत होता, त्याला तिथून सुसाट आत घुसणाऱ्या जीपगाड्या आठवल्या. मी सायकल घेऊन घरी गेले, पण रात्रभर माझ्या डोक्यात तेच. आपण पोरांना इतक्या वर्षांत असं एकदाही बोलायला लावलं नाही.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही पहिली बैठक घेतली. शरणप्पांनी सगळ्या सायकली बाहेर काढून भिंतीला लावल्या, पत्र्याखाली दोन बाकडी समोरासमोर मांडली. नाव ठेवलं नगरचर्चा. गावानं मात्र 'बाईची भांडणशाळा' म्हटलं आणि तेच टिकलं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, भांडायला काय संस्था लागते? लागते बाबा. नुसतं सोडून दिलं तर माणसं शहरावर बोलत नाहीत, एकमेकांच्या खानदानावर बोलतात. म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवून टाकल्या. विषय असा पाहिजे की आदल्या दिवशी पायी जाऊन बघता येईल. जगाच्या तापमानावर बोलायचं असेल तर दुसरीकडं जा, आमच्याकडं बाजारातल्या मुतारीवर बोला. बैठकीआधी मी जमिनीवर चुन्यानं त्या जागेचा नकाशा काढायची, आणि बोलणाऱ्यानं आपण कुठलं म्हणतोय तिथं पाय ठेवून बोलायचं. एका बाकड्यावर एक बाजू, दुसऱ्यावर दुसरी. मग चहा. आणि चहानंतर बाकडं बदलायचं. आत्तापर्यंत जे खोडून काढलं ते आता स्वतः मांडायचं, तेही मन लावून. अर्धवट मांडलं तर मी उठवून उभं करायची, वर्गातल्यासारखं.

शेवटचं काम माझं. ज्याचं जे बोलणं, ते मी कोऱ्या तावावर मोठ्या अक्षरात लिहायची, वर 'चहाआधी' आणि खाली 'चहानंतर' असे दोन भाग पाडून. ज्यानं त्यानं आपल्या बोलण्याखाली सही करायची. एक ताव वाचनालयाच्या भिंतीवर आणि त्याची नक्कल नगरपालिकेच्या कचेरीत.

आमच्याकडं पावतीपुस्तक नव्हतं. कुणी दूध आणायचं, कुणी पातेलं. साखर माने मामांची. हे माने मामा ढोकीच्या बाजूचे, साखर कारखान्यात नोकरी केलेले, रिटायर होऊन उमरग्याला लेकाकडं राहायला आलेले. बोलायला उठले की खाली बसायचं नाव नाही. एकदा मी शाळेची घंटा आणून त्यांच्या कानाशी वाजवली, तर म्हणाले, "बाई, कारखान्याचा भोंगा ऐकत उमर गेली, ह्या घंटेनं काय हुतंय?"

एक पांढऱ्या कपड्यातले भाऊ आले होते. मंडप देतो, खुर्च्या देतो, माईक देतो, फक्त मागं एक बॅनर लावा. शरणप्पा हात पुसत म्हणाले, "भाऊ, बॅनर लावू की. पण आमच्यात चहानंतर बाजू बदलावी लागती. तुमी चहानंतर दुसऱ्या पक्षाचा बॅनर घेऊन आलात तर हरकत न्हाय." भाऊ चहा न पिताच गेले. त्यानंतर कुणी असं काही द्यायला आलं नाही, आणि आम्हाला कमीही पडलं नाही.

फळगाड्या बसस्टँडसमोरून हलवाव्यात का, या बैठकीला कमळाबाई आल्या होत्या. पेरू, सीताफळं विकायच्या. चहाआधी त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. चहानंतर बाकडं बदललं आणि म्हणाल्या, "आता म्या फौजदार. आन् म्या फौजदार असते तर ह्या कमळीचा गाडा पयला उचलला असता. ती वळणावर लावती. कितींदा सांगितलं, ऐकत न्हाय." माणसं पोट धरून हसली. पण दुसऱ्या दिवसापासून कमळाबाईंचा गाडा वळणापासून दहा पावलं मागं लागायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. अशा दिवशी मला वाटायचं, आपला जन्म काही अगदीच फुकट गेला नाही.

जळकोटकरांनी एकदा बोलावलं. हायवे रुंद झाल्यापासून गाव दोन्ही अंगाला पसरत चाललेलं, आणि त्यांना विषय पाहिजे होता, आपण गाव राहायचं का शहर व्हायचं. शरणप्पा आणि मी एस.टी.नं गेलो, चुन्याची पिशवी मांडीवर घेऊन. तिथं शहराच्या बाजूनं सगळी पोरं आणि गावाच्या बाजूनं सगळे म्हातारे. चहानंतर बाकडी बदलली तर म्हातारेच शहराच्या बाजूनं जोरात बोलायला लागले, थांबेचनात. परत येताना शरणप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माणसाच्या पोटात दुसरी बाजू असतीच बाई. बाकडं न्हाय मिळत."

किती वेळा ते वाक्य आठवतं मला.

मग आमच्याच रस्त्यावर पाळी आली. बाजाररस्ता रुंद करायचा ठरला. आखणीत डाव्या बाजूची चार दुकानं जात होती, त्यांत शरणप्पांचं. कचेरीनं हरकती मागवल्या, सुनावणी ठेवली. सगळं रीतसर. समोर उजव्या हाताला एका पडीक गोदामाची लांब भिंत होती, मागं नुसत्या बाभळी. आखणी तिकडं सरकवली तर दुकानं वाचत होती, पण रस्त्याला थोडा बाक आला असता. म्हणजे बोलण्यासारखं होतं, निकाल लागलेला नव्हता.

मी तोच विषय घेतला. शरणप्पा म्हणाले, "बाई, येवढ्या डावाला मला वगळा. म्या चहा करतो." मी काय म्हणावं? मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम. तुमच्यासाठी मोडला तर उद्या सगळे मोडतील." ते बरं म्हणाले. तो माणूस मला कधी नाही म्हणालाच नाही.

चहाआधी ते आपल्या दुकानाच्या बाजूनं बोलले. चांगलं बोलले, शांतपणे. सगळ्यांना ते अपेक्षितच होतं. चहानंतर ते उठले, समोरच्या बाकड्यावर जाऊन बसले. मग उभे राहून चुन्याच्या नकाशात स्वतःच्या दुकानावर पाय ठेवला.

"ह्ये दुकान माझ्या बानं टाकलं तवा ह्या रस्त्यानं बैलगाड्या चालत व्हत्या," ते म्हणाले. "आता दवाखान्याकडं जाणारी गाडी माझ्या पत्र्यापुढं येऊन आडती. भोंगा वाजवत ऱ्हाती. आत कुणाची तरी लेक असती, कुणाचा तरी बाप असतो. त्या वक्ताला माझ्या हातात पाना असतो अन् म्या नुस्ता बघत असतो. ह्या रस्त्यानं माझं घर पोसलं, लेकीचं लगीन केलं. आता त्यो मागं सरक म्हणाला तर सरकाया पायजे. बाक आलेल्या रस्त्यावर गाडी दमानं घ्यावी लागती. ज्येचा जीव जातोय त्येला दम कुठनं आणायचा?"

माने मामांनी डोळे पुसले. आणि मी, खरं सांगते, मी आनंदून गेले. इतक्या वर्षांत आमच्या बाकड्यावर असं कुणी बोललं नव्हतं. माझी शाळा सार्थकी लागली असं मला वाटलं.

घरी येऊन ताव लिहायला बसले. एक शब्द गाळायचा नाही म्हणून चहानंतरचं ते सगळं बोलणंच आधी मोठ्या अक्षरात उतरवलं. ताव भरला. चहाआधीच्या भागाला जागाच राहिली नाही. दुसरा ताव जोडता आला असता. घरात होते ताव, कपाटावर गुंडाळी होती. पण मला वाटलं, पहिलं बोलणं काय, दुकानदार दुकानाच्या बाजूनं बोलणारच, ते सगळ्यांना माहीतच आहे. वरचं 'चहानंतर' हे शीर्षकसुद्धा घातलं नाही, एकच भाग असताना शीर्षक कशाला. वर नाव आणि खाली बोलणं. दुसऱ्या दिवशी सहीला नेला तेव्हा सांगितलंही, "चहाआधीचं राहिलं हो, जागा पुरली नाही." शरणप्पांनी हात पुसला, पेन घेतलं आणि म्हणाले, "तुमी लिवलंय म्हणल्यावर बघायचं काय त्यात?" सही केली. नक्कल मीच नेऊन कचेरीत दिली.

सुनावणीला मी गेले नव्हते. नातीचं बारसं होतं सोलापूरला. परत आले तर माने मामा दारातच भेटले, त्यांनी सांगितलं. साहेब भला माणूस होता, प्रत्येकाचं ऐकून घेत होता. शरणप्पांची पाळी आली, ते गोदामाच्या भिंतीचं बोलायला लागले. साहेबांनी फाइलमधला कागद काढला आणि विचारलं, "हे तुमचंच ना? सही तुमचीच?" शरणप्पा व्हय म्हणाले. "मग यात तर तुम्ही म्हणताय, रस्ता सरळच पाहिजे."

मी तशीच दुकानावर गेले. शरणप्पा हातगाडीवर पंप आणि टायर चढवत होते. अजून नोटीससुद्धा आलेली नव्हती, पण त्यांनी ओळखलं होतं. मी म्हटलं, "सांगायचं ना हो, हे चहानंतरचं आहे म्हणून."

"सांगितलं की. साहेब म्हणले, मग चहाआधीचं दाखवा." त्यांनी हातातला टायर खाली ठेवला. "काय दाखवू बाई?"

चौतीस वर्षं पोरांना, नकाशाला सूची नसेल तर मार्क कापते म्हणून धाक घातला मी.

"तुमी मनाला लावून घेऊ नका," तेच मला म्हणाले. "म्या बोललो त्ये खोटं न्हवतंच. त्येच तर अवघड झालंय. रातच्याला पडलो की दोन्ही बाकड्यावरचा म्या बोलत असतोय." मग त्यांनी विचारलं, चहा घेणार का. मी नको म्हटलं. आजवर त्या एका चहाला नको म्हटल्याचं मला सर्वांत जास्त लागून राहिलंय.

कदाचित माझा ताव नसता तरी रस्ता सरळच झाला असता. मला हे कधीच कळणार नाही. दुकानं गेली. जागेचा मोबदला मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. शरणप्पा बसवकल्याणच्या बाजूला लेकीकडं गेले. जाताना एक बाकडं माझ्या अंगणात आणून ठेवलं, दुसरं आखूड होतं, ते हातगाडीवर सोबत नेलं.

बैठक आम्ही वाचनालयात घ्यायला लागलो. तिथं खुर्च्या ओळीनं होत्या, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. चहा बाहेरून यायचा. चहानंतर बाजू बदला म्हटलं की माणसं कागदाकडं बघायची, हे कुठं जाणार म्हणून. आधीच कुणी मनातलं सांगेना, मग उलटं काय सांगणार? माझाही आवाज चढेना. एक एक माणूस गळत गेला. माने मामा शेवटपर्यंत साखरेची पुडी घेऊन यायचे. एका रविवारी आम्ही दोघंच होतो. मामांनी मला विचारलं, "बाई, आता तुमी कुठल्या बाजूनं अन् म्या कुठल्या?" आम्ही चहा घेतला आणि घरी आलो. त्यानंतर बैठक झाली नाही.

शरणप्पांना मी महिन्यातनं एकदा फोन करते. लेकीची म्हैस, जावयाची तूर, गुडघे, सगळं सांगतात. आवाजात आता कानडी जास्त येते. आणि दर वेळी विचारतात, "दुसऱ्या रविवारी काय ठिवलंय?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा बंद पडलंय म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी विषय सांगितला, ठोकून दिला, की मटण मार्केट हलवावं का. त्यांनी फोनवरच एक बाजू मांडली. मग म्हणाले, "थांबा, चहा घेतो." पलीकडं कपबशी वाजली. आणि मग दुसरी बाजू मांडली. तेव्हापासून मी दर महिन्याला एक विषय रचून सांगते, भाजीला जाताना तोच शोधत असते. त्यांना वाटतं, पत्रा नसला तरी बाकडी चालू आहेत. फोन ठेवला की अंगणातल्या त्या बाकड्यावर जाऊन बसते. समोर दुसरं नसतं.

संपादकांनी जागा हवी तेवढी घ्या म्हटलंय. म्हणून त्या तावावर जे मावलं नाही ते इथं लिहिते. लिहून ठेवलं नव्हतं, तेव्हा आठवेल तेवढंच. शब्द त्यांचेच आहेत.

शरणप्पा, चहाआधी: "रस्ता मोठा करा, म्या न्हाय म्हणत न्हाय. पर समोर भिंत हाय, भिंतीमागं बाभळी हायत, हिकडं माणसं हायत. माझ्याकडं येतंय कोण? दूधवाला, पेपरवाला, गवंडी, शाळंतली पोरं. पंक्चर झाली की ढकलत येत्यात. दुकान लांब ग्येलं की तेवढं लांब ढकलत जावं लागंल. मोटारीला बाक नको म्हणून सायकलवाल्यानं किती ढकलायचं, येवढंच माझं इचारणं. अन् दुसरं, ह्या पत्र्याखाली म्हयन्याला पाच-पंचवीस माणसं येत्यात, भांडत्यात, अन् दुसऱ्याच्या बाकड्यावरनं उठून घरी जात्यात. तसली दुसरी जागा गावात असंल तर मला दावा. म्या आजच कुलूप लावतो."

याच्याखाली सहीची जागा मोकळी सोडा असं मी संपादकांना सांगितलंय. अंक हातात आला की बसवकल्याणची एस.टी. धरणार आहे. रविवार कधीच बंद पडलेत, हेही त्यांना या पानावरच कळेल, आणि ते कळताना मला समोर असायचंय. चहा देतील तो घेईन. मग पेन पुढं करीन आणि म्हणेन, शरणप्पा, या वेळेला आधी वाचा, मग सही करा.